भूगोल शिकतेय, जुन्या पेठांसाठी काम करायचंय, तर आता आर्किटेक्चरच करावं लागेल का?

तुझं पत्र मिळालं. तू एसवाय बीएस्सीला आहेस, भूगोल घेऊन, राहतेस पुण्यात शुक्रवार पेठेत, जुना वाडा पाडून झालेल्या बिल्डिंगमधे, बाबांचं भांड्यांचं दुकान आहे. कॉलेजात जीआयएसचा, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचा, पेपर सुरू झाल्यापासून तुझ्या डोक्यात एकच विषय घोळतोय, की हे नकाशाचं शास्त्र वापरून आपल्या पेठा परत नीट उभ्या करता येतील का. बाबा म्हणतात बीएड कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, आणि कुणीतरी तुला सांगितलंय की हे काम आर्किटेक्टचं, भूगोलवाल्यांना कोण विचारतं, म्हणून तू दोन वर्षं सोडून देऊन नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा देऊन बीआर्कला जायचं म्हणतेयस. आणि शेवटी लॅपटॉप कोणता घेऊ असं विचारलंयस.

आधी मुख्य उत्तर देते. भूगोल सोडू नकोस. बीआर्क पाच वर्षांचं असतं, आणि ते त्याने करावं ज्याला इमारती डिझाईन करायच्यात. तुझ्या पूर्ण पत्रात मला इमारत डिझाईन करण्याबद्दल एक ओळ दिसली नाही. तू लिहिलंयस ते सगळं माणसं कुठून कुठे जातात, कुठली दुकानं बंद पडतात, वाडे का पडतात, संध्याकाळी अमुक बोळातून जायला भीती का वाटते याबद्दल आहे, आणि हा प्रश्न भूगोलाचाच आहे. याला अर्बन स्पेशियल अ‍ॅनालिसिस म्हणतात, आणि जगात जुन्या शहरांच्या गाभ्यात हात घालायच्या आधी हे काम करून घेतात, निदान जिथे शहाणपणाने काम होतं तिथे तरी.

हे काम नेमकं काय असतं ते आधी समजून घे, कारण बाबांना तुलाच समजवायचंय.

लंडनचा ट्राफलगार स्क्वेअर तुला फोटोतून माहीत असेल. १९९० च्या दशकात तिथे काय अवस्था होती तर चारही बाजूंनी गाड्या, मधे चौक, आणि लोक कडेकडेने चालायचे, चौकाच्या मधून जायचेच नाहीत. तिथे आर्किटेक्टच्या बरोबरीने स्पेस सिंटॅक्स नावाच्या पद्धतीने काम करणाऱ्यांना बसवलं, त्यांनी लोक कुठून चालतात, कुठे थांबतात, कुठे अडतात हे मोजून काढलं, आणि मग उत्तरेकडचा रस्ता गाड्यांना बंद करून नॅशनल गॅलरीसमोर मधोमध रुंद पायऱ्या केल्या. २००३ मधे ते खुलं झालं आणि आता लोक चौकात जातात, पायऱ्यांवर बसतात. त्या पायऱ्या कुठे हव्यात ते लोकांच्या चालण्याच्या मोजणीतून आलं हे लक्षात ठेव. नुसती सुंदर दिसेल म्हणून जिना काढला असता तर कदाचित दुसरीकडेच काढला असता.

स्पेस सिंटॅक्स ही पद्धत १९७० च्या दशकात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधे बिल हिलियर, ज्युलियन हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. कल्पना अवघड नाहीये. शहरातला प्रत्येक रस्ता, गल्ली, बोळ ही एक रेघ धरायची, कुठली रेघ कुणाला जोडते ते बघायचं, आणि मग हिशोब करायचा की या रेघेवरून बाकी सगळ्या रेघांवर पोचायला सरासरी किती वळणं घ्यावी लागतात. ज्या रेघेवरून कमी वळणांत सगळीकडे जाता येतं तिचं इंटिग्रेशन जास्त. नकाशावर अशा रेघा लाल येतात आणि कोपऱ्यात दडलेल्या निळ्या. आणि बऱ्याच शहरांत असं दिसलंय की लाल रेघांवर माणसांची ये-जा जास्त असते आणि दुकानंही तिथेच जमतात. डेप्थमॅप नावाचं सॉफ्टवेअर यासाठी फुकट मिळतं, नकाशे करायचं क्यूजीआयएस पण फुकट आहे, त्यामुळे पैसे भरून क्लास लावायच्या आधी हे घरी उघडून बघ.

आता आपल्या पेठांकडे ये. लक्ष्मी रोड पूर्व-पश्चिम, बाजीराव रोड आणि शिवाजी रोड त्याला आडवे छेदून जाणारे, ही मोठी चौकट. तिच्या आत कसब्यापासून सदाशिव पेठेपर्यंतची जुनी वीण. कसबा सगळ्यात जुना, वेडावाकडा वाढलेला, आणि पेशव्यांच्या काळात वसवलेल्या पेठांमधे बऱ्याच ठिकाणी रस्ते सरळ आखलेले. तू हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवून सॉफ्टवेअरमधे टाकलास की मोठे रस्ते लाल येणार, त्यात नवल काही नाही. पण खरी गोष्ट पुढे आहे. तुळशीबागेतून तू लक्ष्मी रोडवरून शिरून मंडईच्या बाजूला निघतेस ना, मधे देवळाचं आवार लागतं, दोन्हीकडे दुकानं, वाट कुठे तीन माणसांची तर कुठे एकाचीच. किंवा वाड्यांमधले ते आरपार बोळ, दिंडी दरवाजातून आत जायचं, चौकातून, नळाशेजारून मागच्या गल्लीत निघायचं. ऑनलाईन नकाशात यातले कितीतरी नसतातच. आणि नकाशात रेघच नसेल तर सॉफ्टवेअर तो बोळ नाहीच असं धरतं, मग त्याच्या तोंडाशी असलेलं दुकान उगाच निळ्या भागात पडतं आणि अहवालात लिहिलं जातं की इथे वर्दळ नाही. बाहेरून आलेल्या कन्सल्टंटला हे कळायला वेळ लागतो, तुला ते लहानपणापासून माहीत आहे. म्हणून म्हणते की पेठेत राहणं ही तुझी मोठी जमेची बाजू आहे, ती सीव्हीमधे कशी आणायची ते पुढे सांगते.

पेठांची दुखणी काय आहेत ते तुला माहीत आहेच पण कारणांची साखळी डोक्यात नीट हवी, कारण मुलाखतीत आणि प्रवेशाच्या वेळी इथेच विद्यार्थी गडबडतात, हेरिटेज जपलं पाहिजे इतकंच बोलतात आणि थांबतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांमधे कितीतरी वाडे गेले. त्याच्या आधीपासून १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, भाडी गोठलेली, मालकाला महिन्याला मिळणार चार पैसे, तो डागडुजी का करेल, भाडेकरू म्हणतो वाडा माझा नाही तर मी का खर्च करू. १९९९ चा नवीन भाडे नियंत्रण कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंचा गुंता सुटला नाही. मग मालकाच्या पुढच्या पिढ्यांमधे वाटण्या, कोर्टकचेऱ्या, एक भाऊ अमेरिकेत, एक आत्या सही करत नाही. पावसाळा आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. आणि पाडून नवीन बांधायचं म्हटलं तर प्लॉट अरुंद, बाजूची जागा सोडा, पार्किंग द्या, शेवटी बांधायला उरतं काय. मग वरच्या मजल्यांवर गोडाऊनं होतात, राहणारी कुटुंबं कोथरूड-सिंहगड रोडला जातात, आणि रात्री नऊनंतर गल्लीत कुणी नसतं. तू भीतीबद्दल लिहिलंयस ना, त्याचं एक कारण हे आहे, वरच्या खिडकीत दिवा नाही.

यात नकाशाचं काम कुठे येतं? एक उदाहरण घे. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. २०१० च्या कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे अशा वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, आणि त्यापुढे अजून २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, म्हणजे परवानगी घ्यावी लागते. आता क्यूजीआयएसमधे शनिवारवाड्याच्या हद्दीभोवती १०० मीटरचा आणि ३०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचा पट्टा, काढ, त्यावर सिटी सर्व्हेच्या मिळकतींचा नकाशा ठेव, आणि बघ की किती घरं त्या पट्ट्यात येतात. १०० मीटरच्या आतल्या लोकांना मोडकळीला आलेलं घर पाडून बांधता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगीच्या फेऱ्या. आजवर ही गोष्ट निवेदनांमधे, सभांमधे बोलली जाते, पण कुठली मिळकत नेमकी कुठल्या पट्ट्यात, किती जुनी, किती मजले, खाली दुकान का राहती, हे एका नकाशावर दिसलं की बोलणं बदलतं. नियम शिथिल करा म्हणणारा आणि वास्तू जपा म्हणणारा, दोघांनाही त्याच नकाशावर बोट ठेवून बोलावं लागतं. मला स्वतःला वाटतं की शनिवारवाड्याचं रक्षण व्हायलाच हवं आणि शेजारच्या माणसाचं छप्परही सुरक्षित हवं, आणि हे दोन्ही साधायचं असेल तर सरसकट रेघ मारून चालणार नाही, एकेक मिळकत बघावी लागेल. हे काम करणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत.

अहमदाबाद तू जाऊन बघावंस असं मला मनापासून वाटतं. तटबंदीच्या आतलं जुनं शहर, १४११ मधे वसलेलं, पोळांचं, म्हणजे अरुंद गल्ल्यांभोवतीच्या जुन्या वस्त्यांचं. २०१७ मधे युनेस्कोने जागतिक वारसा शहर म्हणून मान्य केलेलं भारतातलं ते पहिलं शहर. पण ते एका रात्रीत झालं नाही, महापालिकेने नव्वदच्या दशकातच हेरिटेज सेल सुरू केला, १९९७ पासून हेरिटेज वॉक चालू आहे, काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, आणि घरांची यादी, नकाशे, फोटो अशी नोंदणी झाली. यादीतलं घर जपणाऱ्या मालकाला टीडीआर मिळतो, म्हणजे इथे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येतो. यातही अडचणी आहेत, पोळांमधूनही लोक बाहेर जातातच, तिथेही गोडाऊनं होतात. तरी नोंदणी आधी, योजना नंतर हा क्रम तिथे बघायला मिळतो, आणि एका पोळातून दुसऱ्या पोळात जाणाऱ्या गुप्त वाटा बघितल्यास की तुला पेठच आठवेल.

आता शिक्षणाचा रस्ता. इथे नीट वाच कारण चुकीची माहिती खूप फिरते.

प्लॅनिंगची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमप्लॅन, ही या क्षेत्रातली महत्त्वाची पदवी. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादची सेप्ट, नागपूरची व्हीएनआयटी, पुण्यात सीओईपी, अशा ठिकाणी प्लॅनिंग शिकवतात. बहुतेक ठिकाणी थेट प्रवेश बीआर्क, बीप्लॅन, सिव्हिलवाल्यांना मिळतो, पण बऱ्याच ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यातली मास्टर्स केलेल्यांनाही घेतात. म्हणजे नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर दार बंद असेल, एमएस्सीनंतर उघडतं. प्रत्येक संस्थेची अट वेगळी आणि दरवर्षी बदलू शकते, त्यामुळे माझं ऐकून नाही तर त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचून ठरव. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाला गेट या परीक्षेचा स्कोअर धरतात, त्यात आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर आहे ज्यात प्लॅनिंगचा भाग निवडता येतो, आणि जिओमॅटिक्सचा, म्हणजे जमीन मोजणी आणि नकाशाशास्त्राचा, वेगळा पेपर आहे.

दुसरा रस्ता जिओइन्फर्मॅटिक्सचा, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचा. पुण्यातच विद्यापीठाच्या भूगोल विभागात आणि सिम्बायोसिसच्या जिओइन्फर्मॅटिक्स संस्थेत हे शिकता येतं. यात नोकरी लवकर लागते असं साधारण दिसतं, पण एक धोका आहे, बऱ्याच नोकऱ्या दिवसभर स्क्रीनवर रेघा ओढायच्या, डिजिटायझेशनच्या असतात, आणि शहराचा प्रश्न बाजूलाच राहतो. तुझा स्वभाव पत्रावरून दिसतो त्यात तुला सहा महिन्यांत कंटाळा येईल. म्हणून माझा सल्ला असा की बीएस्सी पूर्ण कर, मग भूगोल किंवा जिओइन्फर्मॅटिक्समधे एमएस्सी, त्यात प्रबंधाचा विषय पेठाच घे, आणि त्याच काळात गेटची तयारी करून मग एमप्लॅनचं बघ. मोठा पल्ला वाटेल पण बीआर्क पहिल्यापासून करून मग एमप्लॅन करण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि मधे कुठेही थांबलीस तरी हातात पदवी आहे.

डेहराडूनची आयआयआरएस, इस्रोची संस्था, रिमोट सेन्सिंग आणि जीआयएसचे ऑनलाईन कोर्स मोफत घेते, प्रमाणपत्र देते. ते आत्ताच कर, सुट्टीची वाट बघू नकोस.

सरकारी नोकरीबद्दल बाबा विचारतील. राज्याच्या नगररचना विभागात एमपीएससीतून सहायक नगर रचनाकार भरतात, पण त्याला साधारणपणे सिव्हिल, आर्किटेक्चर, प्लॅनिंग अशी पदवी मागतात, भूगोलाच्या पदवीवर तिथे अर्ज चालत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर तीन वर्षं क्लासमधे जातात आणि मग कळतं. बाकी कामं कुठे, तर महापालिकांच्या हेरिटेज विभागांना सल्ला देणाऱ्या फर्म, कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्टची ऑफिसं, ट्रान्सपोर्ट कन्सल्टंट, आणि आयटीडीपी, डब्ल्यूआरआय, परिसर यांसारख्या संस्था ज्या रस्ते, पादचारी, सार्वजनिक वाहतूक यावर काम करतात. पुणे महापालिकेने २०१६ मधे पादचारी धोरण स्वीकारलं, २०२१ मधे ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन केला, अशा प्रत्येक गोष्टीच्या मागे कुणीतरी मोजणी करणारं, नकाशे करणारं लागतं. पगार सुरुवातीला आयटीवाल्यांच्या बरोबरीने नसतो, हे लपवून उपयोग नाही. तीन-चार वर्षांत हातात चांगलं काम असेल तर सुधारतो. घरची परिस्थिती तशी असेल की लगेच मोठा पगार हवाच, तर मला परत लिही, आपण वेगळा विचार करू.

आता ते काम जे तू या महिन्यात सुरू करू शकतेस, आणि माझ्या दृष्टीने वरच्या सगळ्या पदव्यांपेक्षा हे आधी.

२०२४ च्या सप्टेंबरमधे मेट्रोचा भुयारी टप्पा स्वारगेटपर्यंत सुरू झाला, मंडईला स्टेशन आलं. म्हणजे पेठेच्या मधोमध जमिनीखालून माणसं वर यायला लागली, जिथे आधी कुणी येत नव्हतं. कुठल्या गल्लीला याचा फायदा झाला? कुठल्या दुकानासमोरून माणसं नुसती निघून जातात? तू हे मोजू शकतेस. मंडई, तुळशीबाग, रामेश्वर चौक एवढाच भाग घे, जास्त नको. त्यात दहा-बारा जागा ठरव, काही मोठ्या रस्त्यावर, काही बोळाच्या तोंडाशी. प्रत्येक जागी रस्त्यावर आडवी एक रेघ मनात धरायची आणि पाच मिनिटांत ती रेघ ओलांडणारी माणसं मोजायची, दोन्ही दिशांची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि रात्री साडेआठनंतर पण, तेव्हा मैत्रिणीला किंवा भावाला बरोबर ने. एक कामाचा वार, एक रविवार. बायका, पुरुष, मुलं, म्हातारी माणसं वेगळी लिही, कारण रात्री कुठल्या बोळातून बायका जाणं बंद होतं हे एकूण आकड्यात दिसतच नाही. गणपतीच्या दिवसांत मोजू नकोस, किंवा मोजलंस तर वेगळं ठेव. वहीत हाताने लिही, जागा, वेळ, हवा, आणि शेजारी जे दिसलं ते, म्हणजे टेम्पो आडवा लावला होता, रस्ता खणला होता, पथारीवाले उठवले होते. हे नंतर फार उपयोगी पडतं.

मग क्यूजीआयएसमधे नकाशा घे आणि त्यात नसलेले बोळ स्वतः चालून भर. कुणाच्या खासगी वाड्यातून वाट जात असेल तर विचारून जा आणि ती वाट कोणत्या वेळी बंद होते तेही लिही. दोन वेळा तो वळणांचा हिशोब चालव, एकदा बोळांशिवाय, एकदा बोळांसकट. दोन्ही नकाशे शेजारी ठेव आणि तुझी मोजणी कुठल्या नकाशाशी जास्त जुळते ते बघ. जिथे अजिबात जुळत नाही त्या जागांवर परत जाऊन उभी राहा, कारण बाजार फक्त वळणांवर चालत नाही, एखाद्या जुन्या दुकानाच्या नावावर पण चालतो, आणि ते सॉफ्टवेअरला कळत नाही. बाबांना विचार की गिऱ्हाईक कुठून येतं, कुठे गाडी लावतं, पूर्वी कुठून यायचं. भांड्यांच्या दुकानात इतकी वर्षं बसलेल्या माणसाला हे जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याही अहवालात सापडणार नाही, आणि तू विचारलंस तर त्यांनाही कळेल की तू नेमकं काय करायचं म्हणतेयस. मला वाटतं त्यांचा विरोध भूगोलाला नाहीये, त्यांना ते काम डोळ्यासमोर दिसत नाहीये इतकंच.

हे सगळं आठ-दहा पानांत लिही, चार चांगले नकाशे, मोजणीचे तक्ते, आणि शेवटी एकच ठोस सूचना. अमुक बोळात दिवे लावा, किंवा अमुक ठिकाणी हातगाड्यांना जागा ठरवून द्या म्हणजे वाट मोकळी राहील, अशी. पेठांचं पुनरुज्जीवन वगैरे मोठं शीर्षक देऊ नकोस, जागेचं नाव दे. हा रिपोर्ट घेऊन तू इंटर्नशिप मागायला गेलीस तर समोरचा माणूस तुझी डिग्री नंतर विचारेल. कॉलेजच्या सरांना दाखव, त्यांच्याकडून चुका काढून घे, नगरसेवकाच्या ऑफिसात एक प्रत दे.

लॅपटॉपचं विचारलंयस. नवीन घेऊ नकोस, भावाचा जो आहे असं लिहिलंयस, आठ जीबी रॅमचा, त्यावर क्यूजीआयएस आणि डेप्थमॅप एवढ्या भागासाठी आरामात चालतात. वाचलेल्या पैशातून अहमदाबादचं तिकीट काढ, आणि शक्यतो डिसेंबर-जानेवारीत जा, उन्हाळ्यात पोळांमधे पायी फिरणं जमत नाही.